खुणेच्या विटा

आखाडा बाळापूरच्या बाजारातून तांड्याकडे जाणारा रस्ता जिथं डांबर सोडून कच्चा होतो, तिथं डाव्या हाताला एक लिंब आहे आणि लिंबाच्या सावलीला भिकाबाई राठोडचं घर. परवापरवापर्यंत तांड्याची वाट कुणी विचारली की लोक सांगायचे, "विटांचा ढीग दिसंल, तिथून वळा." ढीग भिकाबाईचा. ढिगावर बियाण्याच्या पिशव्या उसवून शिवलेलं प्लास्टिक, प्लास्टिकवर शेळ्या, आणि शेळ्यांवर ओरडत अंगणात उभी भिकाबाई, असा सगळा थाट असे. "उतर ग सटवे! देवाच्या घरावर नाचून राहिलीस!"

देवाचं घर अजून व्हायचं होतं, ही गोष्ट शेळ्यांना कळत नव्हती आणि भिकाबाईला मान्य नव्हती. तिच्या लेखी ते झालेलंच होतं, फक्त विटा अजून एकावर एक नीट लागलेल्या नव्हत्या. तांड्यात येशूला मानणारी घरं मोजकीच. रविवारी सगळे तिच्या अंगणात पत्र्याखाली बसत. पाऊस आला की घरात कणग्यांच्या आणि भांड्यांच्या मधे दाटीवाटीनं बसत, आणि प्रार्थना ऐन रंगात आली की हमखास एखादी कोंबडी कुणाच्या तरी मांडीवर येऊन बसे. भिकाबाईला चार भिंतींचं, दार लागणारं प्रार्थनाघर हवं होतं. मरायच्या आधी हवं होतं. दुसरं काही तिनं कधी मागितलं नाही, म्हणून हे एक ती हक्कानं मागायची.

तिचा विश्वास भट्टीवरचा. दिवाळी झाली की तांड्यातली निम्मी घरं कडी घालून वीटभट्टीवर जातात, ती उन्हाळा संपता संपता परततात. भिकाबाई नवी सून असताना नवऱ्याबरोबर नांदेडकडच्या एका भट्टीवर गेली होती. सुदाम तेव्हा पदराखाली. तिथं तिला असा ताप भरला की दूधच आटलं. शेजारच्या खोपटात जालन्याकडची निर्मलाबाई होती, तिचंही लेकरू अंगावरचं. तिनं सुदामला उचललं आणि दुसऱ्या बाजूला लावलं. भिकाबाई उठून बसेपर्यंत दोन्ही लेकरं तिनं पोसली. तिचं स्वतःचं पोरगं त्या दिवसांत अर्धपोटी रडायचं, ते भिकाबाईनं तापातही ऐकलं होतं. बरी झाल्यावर तिनं विचारलं, "काहून केलंस?" निर्मलाबाई चिखल तुडवता तुडवता म्हणाली, "माझ्यासाठी कुणीतरी याहून जास्त केलंय." मग कुणी केलंय तेही सांगितलं.

हंगाम संपला, दोघी दोन वाटांनी गेल्या, पुन्हा भेट नाही. आपल्या दुधातून हिंगोलीकडच्या एका तांड्यात येशूला मानणाऱ्यांची मंडळी उभी राहिली, हे त्या बाईला ठाऊकही नसेल. भिकाबाई म्हणायची, "वर गेल्यावर पहिल्यांदा तिला हुडकणार, मग बाकीच्यांना सलाम."

तांड्यानं तिला वाळीत वगैरे टाकलं नाही. नायक मोहनसिंग समजूतदार माणूस, तो म्हणाला, ज्याचा देव त्याच्यापाशी. सोडलं ते एकट्या धुरपताबाईनं. धुरपताबाई तिची चुलत जाऊ. दोघी एकाच वर्षी तांड्यात सुना म्हणून आल्या, एकाच वाफ्यात चिखल तुडवला, एकमेकींच्या उवा काढल्या. पण ज्या वर्षी भिकाबाईनं देवीच्या नवसाच्या बोकडाला आपला वाटा दिला नाही, त्या वर्षी धुरपताबाईनं हापशावर, भरल्या घागरींसमोर सांगून टाकलं, "आजपासून हिच्या हातचं पाणी मला नगं." धुरपताबाई शब्दाला पक्की. पुढं दोघींचे नवरे गेले, लेकरांची लग्नं झाली, केस पिकले, पण तिनं त्या घरचा घोट घेतला नाही. वाटेत भिकाबाई दिसली की ती शेळीशी बोलायची.

ढीग उभा राहिला तो असा. भट्टीच्या मालकाला भिकाबाईनं सांगून ठेवलं होतं, की दिवसाचं काम उरकलं की उरल्यासुरल्या चिखलातून मी माझ्या चार विटा थापणार. बाई कामाला चोख, आणि चार विटांनी भट्टी काही बुडत नव्हती. मालक म्हणाला, थाप. बाकीच्या बाया हातपाय धुऊन चुलीला लागायच्या तेव्हा ही साच्याला वाळू लावून पुन्हा खाली बसायची. पण हजारो विटांत आपल्या ओळखायच्या कशा? म्हणून ओल्या विटेवर ती अंगठा ओढायची. एक उभी रेघ, एक आडवी. झाला क्रूस. भट्टी उतरवताना खुणेच्या विटा बाजूला निघायच्या आणि परतीच्या ट्रॅक्टरमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या यांच्याबरोबर तांड्यावर यायच्या. वर्षामागून वर्षं असंच चाललं. गेल्या उन्हाळ्यात सुदामनं ढिगाभोवती फिरून बघितलं आणि म्हणाला, "याडी, आता भागतंय. पाऊस सरला की पाया खांदू." याडी म्हणजे आई, तांड्याच्या बोलीत. भिकाबाईनं त्या दिवशी शेळ्यांनासुद्धा शिवी दिली नाही.

आणि त्याच आठवड्यात धुरपताबाईचं घर जळालं.

भर दुपारची वेळ. चुलीतली ठिणगी तुराट्यांच्या कुडाला लागली. वारं होतं, धुरपताबाई विहिरीवर होती. लोक धावले, पण कूड वाळलेला, पाणी लांब. आतून देवीची तसबीर आणि एक घागर तेवढी निघाली. लेक पुण्याला कंपनीत. त्याचा फोन लागायचा, लेक लागायचा नाही. सरकारी घरकुलाची आस होती, ती आणखी किती वर्षं राहील कुणी सांगावं. आणि पाऊस तोंडावर आलेला. धुरपताबाई बोरीखाली घागर पालथी घालून तिच्यावर बसून राहिली, रडलीसुद्धा नाही.

संध्याकाळी मोहनसिंग नायकानं माणसं जमवली. एकानं पत्रे देतो म्हटलं, एकानं दोन सागाच्या बल्ल्या. गवंडीकाम तांड्यातल्याच पोरांना येत होतं. "पुन्हा कुडाचं नगं," नायक म्हणाला. "भिंत पायजे. पर विटा कुठून आणाव्या?" यावर सगळ्यांनी, अगदी न ठरवता, लिंबाकडे बघायचं टाळलं. इतकं टाळलं की भिकाबाईला ते मागितल्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती ढिगासमोर जाऊन बसली. प्रार्थना ती तांड्याच्या गोरबोलीतच करायची. मराठीत केली तर हिंगोलीहून येणाऱ्या पास्टरला कळते, गोरबोलीत केली तर देवाला, अशी तिची समजूत होती. "हे बघ," ती म्हणाली, "माझ्या असत्या तर दिल्या असत्या. तुझ्या हायेत. तुझ्या वस्तूला मी कशी हात लावू?" असं म्हणून तिनं सुटायला बघितलं. पण ती खोटं बोलत होती आणि तिला ते कळत होतं. विटा तिच्याच होत्या. लोकांनी येता-जाता म्हणावं, हे भिकाबाईनं बांधलं, ही हौस तिच्या पोटात कधीची लपून बसलेली होती. आणि द्यायच्या कुणाला? तर जिनं भरल्या हापशावर आपल्या हातचं पाणी नाकारलं तिला. भिकाबाईला रागच आला. "तुला काय घर नगं का?" तिनं वर बघून विचारलं. वर नुसता लिंबाचा पाला हलत होता.

मग तिला निर्मलाबाई आठवली. निर्मलाबाईनं सुदामला दिलेलं दूध तिचं थोडंच होतं? ते तिच्या लेकराच्या वाट्याचं होतं. स्वतःच्या लेकराच्या तोंडचं काढून तिनं परक्याच्या तोंडात घातलं. आता देवाच्या वाट्याचं काढून धुरपताच्या डोक्यावर घालायचं, एवढंच तर होतं.  भिकाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि प्लास्टिक ओढून काढलं. त्याच्यावरची शेळी धपकन खाली आली.

सुदाम शेतातून आला तो भडकूनच. "याडी, ह्या मंडळीच्या विटा हायेत. तू कोन देनार?"

त्याचंही बरोबर होतं. भिकाबाई म्हणाली, "व्हय. बोलाव मंडळी. सगळ्यांच्या पाया पडते."

मंडळी जमली. कुणी म्हणालं, देवाला दिलेलं परत घ्यायचं नसतं. कुणी म्हणालं, निदान अर्ध्या ठेवू. सुदामची बायको मीना एरवी सासूसमोर कमीच बोलायची. ती भाकरी थापता थापता आतून म्हणाली, "ती बाई बोरीखाली भिजंल, तवा आपन भिंतीआड बसून गानं म्हनायचं व्हय?"  सुदाम उठला आणि बैलगाडी जुंपली. तोंड मात्र दोन दिवस फुगलेलं होतं.

आता इथं भिकाबाईची एक चूक झाली, आणि ती भट्टीवर हात मळलेल्या बाईलाच होण्यासारखी. अंगठा ओढून ओढून तिला ती खूण दिसेनाशीच झाली होती. विटा गाडीत चढल्या, उतरल्या, पाया भरला, पहिला थर बसला. धुरपताबाई तेवढ्या दोन दिवसांपुरती बहिणीकडे गेली होती. विटा कुठून आल्या हे तिला नायकानं सांगितलं होतं, त्यावर तिनं मान फिरवली होती, पण नाही म्हटलं नव्हतं. दुपारी ती आली, थरावर वाकली, आणि ताठ उभी राहिली.

"हे काय?"

सगळ्यांनी बघितलं. ओळीनं क्रूस. प्रत्येक विटेच्या पाठीवर एक.

मोहनसिंग नायक म्हणाला, "धुरपताबाई, वर चिखल बसतो, त्याच्यावर दुसरी वीट बसते. कोन बघतंय?"

"मला ठावं हाय ना," धुरपताबाई म्हणाली. "त्येच्या घरात जगदंबेला कुठं ठेवू? कसं तोंड दावू?" आणि ती सरळ बोरीखाली जाऊन पुन्हा घागरीवर बसली. "मी हितंच बरी हाय. पाऊस येऊ दे न्हाई तर वीज पडू दे."

पोरांनी थापी खाली ठेवली. कुणी हसलं, कुणी म्हातारीला शहाणपण शिकवायला लागलं. सुदाम रागानं लाल. "बघितलंस याडी? दे आनखी! उचला रे विटा, आपल्या परत न्या."

परत न्यायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नव्हतं. प्रार्थनाघर हाताशी चालून आलं होतं, आणि कुणी भिकाबाईला नाव ठेवलं नसतं. ती क्षणभर उभी राहिली. मोह झाला, झाला नाही असं कशाला म्हणा. मग तिनं थरातली एक वीट उपसली, दुसरी घेतली, जमिनीवर फतकल मारली आणि विटेवर वीट घासायला लागली. लाल भुगा पडायला लागला. थोड्या वेळानं तिनं वीट पुसून बघितली. रेघ पुसट झाली होती. ती पुन्हा घासायला लागली.

सुदामला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "क्रूस पुसतीस? आपल्या हातानं?"

"व्हय."

"लोक काय म्हनतील? पास्टर काय म्हनंल?"

"लाव फोन."

त्यानं तिथूनच हिंगोलीला पास्टर संतोषला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळं सांगितलं. पास्टर चांगला शिकलेला, तरुण, घाईनं न बोलणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजी, मला थोडा विचार करू द्या."

"करा की," भिकाबाई म्हणाली. "तवर मी घासते."

सुदामनं फोन ठेवला. तो रडवेला झाला होता. रागापेक्षा त्याला वाईटच जास्त वाटत होतं, कारण लहानपणी भट्टीवर त्या रेघा त्यानंही आपल्या अंगठ्यानं ओढल्या होत्या. भिकाबाईनं भुग्यानं माखलेला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "सुदाम, आपल्यासाठी तो क्रूसावर चढला. हिच्यासाठी विटेवरून उतरला, तर त्येला राग येईल व्हय?"

 सुदाम उठून गेला, आणि परत आला तो गाडीतल्या विटा खाली उतरवायला.

किती दिवस ते चाललं, भिकाबाईनं धरून ठेवलं नाही. सकाळी शेळ्या सोडल्या की ती बसायची. मीना काम उरकून यायची, नात पूजा शाळेतून आली की दप्तर टाकून यायची. मंडळीतले लोक आधी लांबून बघत होते, मग एकेक जण बसायला लागला. भिकाबाईच्या बोटांची सालं निघाली, उजवा खांदा धरला. बोरीखाली धुरपताबाई सगळं बघत होती. एका दुपारी ती उठली, येऊन भिकाबाईच्या डोक्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "नीट घास. त्या कोपऱ्यात अजून दिसून राहिलंय."

इतक्या वर्षांनंतर तिनं भिकाबाईशी बोललेलं हे पहिलं वाक्य. भिकाबाईनं वीट वर केली. "कुठं?"

"आंधळी झालीस का? हितं." धुरपताबाईनं वीट हिसकून घेतली, समोर बसली आणि स्वतः घासायला लागली. दोघी कितीतरी वेळ नुसत्या घासत राहिल्या. मग धुरपताबाई खाली मान घालूनच म्हणाली, "एवढ्या येळा आंगठा ओढलास? दुखला न्हाई का?"

"ओढताना न्हाई दुखला," भिकाबाई म्हणाली. "आता दुखून राहिला."

धुरपताबाईचा हात थांबला. ऊन कडक होतं. भिकाबाईचा तांब्या मधे होता. धुरपताबाईनं तो उचलला, वर धरून घटाघटा प्यायली, उरलेलं तोंडावर मारलं आणि पुन्हा घासायला लागली. भिकाबाईनं ते बघितलं नाही असं दाखवलं, कारण बघितलं असं दाखवलं असतं तर ती हट्टी बाई पुन्हा तांब्याला शिवली नसती.

घर पावसाच्या आत झालं. चार भिंती, वर पत्रे, दार लागणारं. कोनाड्यात जगदंबा बसली. भिकाबाई घरभरणीला गेली, गूळ-शेंगदाणे खाऊन आली. घरी आली आणि लिंबाखाली मोकळी जागा बघून तिला भडभडून आलं. वाईट वाटलं, वाटणारच. पुढच्या दिवाळीनंतर तांड्याची माणसं भट्टीवर निघाली तेव्हा ती नुसती ट्रॅक्टरला हात लावून उभी राहिली. खांदा वर जात नव्हता, चार पावलं चाललं की दम लागायचा. आता तिच्या हातून वीट व्हायची नव्हती आणि नवा ढीग बघायला ती उरणार नव्हती. हे तिला कळत होतं, आणि ती ते कुणाजवळ बोलत नव्हती.

धुरपताबाई येता-जाता यायला लागली. येऊन भांडायचीच. शेळ्यांना चारा कसा घातला, चहाला गूळ कसा जास्त झाला. रविवारी गाणं चालू असलं की कुंपणाबाहेर उभी राहायची, आणि बस म्हटलं की म्हणायची, "मी काय तुमची झाले न्हाई. शेळी हुडकून राहिले." शेळी तिच्या पायाशीच असायची.

नाताळला अंगणात पत्र्याखाली मंडळी बसली. भट्टीवर न गेलेली तेवढी माणसं, पताका, बुंदीचं पातेलं. पास्टर संतोषबरोबर या वेळी हिंगोलीहून एक मोठे पाहुणे आले होते. त्यांनी कुणाकडून तरी विटांची अर्धी गोष्ट ऐकली होती. म्हणून ते बोलायला उभे राहिले ते कौतुकानंच. म्हणाले, या तांड्यातल्या एका बहिणीनं आपल्या हातानं विटा थापून प्रार्थनाघरासाठी साठवल्या, असा त्याग फार थोडे करतात, आणि ते घर बघावं म्हणून मी मुद्दाम आलो. "कुठवर आलंय बांधकाम?"

 सुदाम पायाच्या बोटांकडे बघत बसला. पास्टर संतोष घाईनं उठायला लागला. भिकाबाईनं पदर पुढं ओढला. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, हात रिकामे असल्याचं दुःख झालं. देवाच्या सणाला पाहुणा आला आणि दाखवायला काही नाही. ती तोंड उघडणार, तेवढ्यात मागून, शेळ्यांच्या खुंट्याजवळून, खणखणीत आवाज आला.

"बांधून झालं की."

सगळ्यांनी मागं बघितलं. धुरपताबाई बुंदीचा द्रोण हातात घेऊन बसली होती. तिनं द्रोण खाली ठेवला, पदर सारखा केला.

"मीच राहते त्यात," ती म्हणाली. "या बघायला. चहा ठेवते."

भिकाबाईला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाच कळलं नाही. धुरपताबाई उठून तिच्याजवळ आली, तिच्या धरलेल्या खांद्याला हात घातला आणि तिला उभं केलं. मग पाहुणे, पास्टर, सुदाम, मीना, पूजा, अशी सगळी मंडळी नाताळचं गाणं म्हणत त्या दोघींच्या मागं चहाला गेली.